औषधीला छाया, कामकऱ्याला ऊन

शिर हे उत्तमांग होय, हे वचन आपल्या शास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी ऐकावयास मिळते. चरकाचार्यांनी मात्राशितीय अध्यायात छत्रधारण सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी अनागताबाधाप्रतिषेध अध्यायात उष्णीषाचाही विचार करून ते वारा, ऊन व धूळ यांपासून रक्षण करते असे म्हटले आहे. तात्पर्य, उन्हात डोक्यावर काय घ्यावे हा दिनचर्येचा, म्हणजेच वैद्याचा विषय आहे. तरीही आपल्यापैकी किती जण याविषयी रुग्णाला किंवा स्वतःच्या कामगाराला चार शब्द सांगतात?

आम्हीही सांगत नव्हतो, ही कबुली प्रथम दिली पाहिजे. आमच्या छोट्या औषधालयाच्या अंगणात उन्हाळाभर वनस्पती वाळत असतात. पाने व सुगंधी द्रव्ये सावलीतच सुकली पाहिजेत, यावर आमचा कटाक्ष. त्यासाठी स्वतंत्र शेडही बांधली. हिरडा, नागरमोथा मात्र उन्हात पसरलेला असे आणि तो वरखाली करण्याचे काम चार स्त्रिया भर दुपारी डोक्यावर पदर घेऊन करीत. औषधीचा गुण उडू नये म्हणून आम्ही छप्पर घातले. माणसाचे बल क्षीण होते आहे, इकडे लक्ष गेले नाही.

पुढे आम्ही औषधालयाचे नाव छापलेल्या टोप्या वाटल्या. आठ दिवसांत त्या खुंटीला लागल्या. कारण विचारता त्यांतील एक वयस्क बाई म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, हिच्यात डोकं शिजतं, आन् कान-मान तर उघडीच राहती.’’ टोपी गडद रंगाची, कृत्रिम धाग्याची व केवळ पुढे झाप असलेली होती. आमची जाहिरात तेवढी तिच्यावर ठळक होती.

त्यानंतर विचारपूर्वक निवड केली, तिचे निकष व्यवसायबंधूंसमोर ठेवतो. टोपीचा काठ सभोवार किमान तीन इंच असावा, म्हणजे कपाळासह कान व मान सावलीत येतात. कापड सुती व घट्ट विणीचे असावे. प्रकाशासमोर धरल्यास त्यातून उजेड आरपार दिसू नये. वरचा रंग फिका असावा. काठाची आतील बाजू गडद असल्यास जमिनीवरून परावर्तित होणारी तिरीप डोळ्यांना कमी लागते. टोपी डोक्याला आवळणारी नसावी व वारा खेळण्यास तिला छिद्रे असावीत. हनुवटीखाली बंद हवा, अन्यथा वाकून काम करताना ती दहा वेळा पडते. अंबाडा असलेल्या स्त्रियांसाठी मागे मोकळी जागा ठेवून शिवून घ्यावी. घामाची टोपी रोज धुता यावी, म्हणून प्रत्येकी दोन द्याव्यात.

आपले मुंडासे व पटकाही निरुपयोगी नाहीत. त्यांच्या पदरांमध्ये हवा राहते व शेमला मानेवर सोडता येतो. परंतु चेहऱ्यावर सावली पडत नाही. गांधी टोपीने तर कान, मान व डोळे यांपैकी कशाचेच रक्षण होत नाही. ती मानाची खरी, शेतातील दुपारची नव्हे.

अर्थात टोपी हा सर्व उपाय नव्हे. ती सावली देते, हवेचे तापमान उतरवीत नाही. दुपारी बारा ते तीन काम बंद, जवळ पिण्याचे पाणी व विसाव्यास सावली ही व्यवस्था हवीच. अंग तापलेले असून कामगार असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर शरबत पाजण्याच्या फंदात पडू नये. त्यास सावलीत नेऊन, अंगावर पाणी टाकून, वारा घालीत तत्काळ रुग्णालयात हलवावे. येथे आपल्या पॅथीचा अभिमान आड येता कामा नये.

आमची सूचना साधी आहे. औषधालयांनी दरवर्षी दिनदर्शिका व डायऱ्यांवर होणाऱ्या खर्चातील काही भाग वळवून शिशिर सरण्यापूर्वीच आपल्या कामगारांसाठी व वनौषधी गोळा करून आणणाऱ्यांसाठी अशा टोप्या शिवून घ्याव्यात. चिकित्सकांनी ग्रीष्मातील पथ्य सांगताना शेतकऱ्याला व गवंड्याला त्याच्या डोक्यावर काय असते, हेही विचारावे. आमच्या अंगणात आता त्या टोप्या खुंटीवर दिसतात त्या फक्त संध्याकाळी, धुऊन वाळत घातलेल्या.