समाधान कसलं विचारता?

कामाचा ताण किती, नोकरीत समाधान किती, एक ते पाचमध्ये खूण करा. असले कागद मास्तरांना वाटतात. वर ताण घालवायला ध्यान-प्राणायामाचे वर्ग. म्हणजे आजार माझ्या डोक्यात आणि औषध माझ्या नाकातनं! सरकारचे हात कोरडे.

मी प्राथमिक शाळेचा मास्तर. पोरं झोपडपट्टीतली, आपलीच. पण शिकवू कधी? खिचडीचा हिशेब, पोर्टलवर माहिती, काल भरली तीच आज परत, नुसता तक्ता वेगळा. मतदारयाद्या काखेत मारून दारोदार. फोटो पाठवा, पोरं हसताना दिसली पाहिजेत. पोराला जोडाक्षर आलं का, हे विचारणारा साहेब मला अजून भेटायचाय.

कायदा आहे की! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला जुंपू नका. वगळलंय काय? जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य, निवडणुका. दाराला कडी लावली अन् भिंतच काढली.

पगाराचं तर विचारूच नका. २००० साली यांनी ‘शिक्षणसेवक’ नावाचा प्राणी काढला. प्राथमिकला महिना ३,००० रुपये, तीन वर्षं. सेवक! या देशात सेवा कुणाच्या पाठीवर लादतात ते आपल्याला शिकवू नका. पुढं ६,००० झाले. १६,००० व्हायला २०२३ उजाडलं. जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढं लेखी मांडलं होतं, प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित हवा आणि त्याला निदान १२ रुपये पगार हवा. आधी पोटाचं बघा, समाधानाचं मागनं.

आणि पाठीमागं ‘कोट्यातला’ म्हणून जी कुजबुज चालते, ती एक ते पाचमध्ये कुठं बसवू? तिला रकानाच नाही.

दोस्तांनो, तुम्हालाही सोडत नाही. मोर्चात घसा फोडून जयभीम, पोर मात्र इंग्लिश मीडियमला. तुमचं पोर गेलं की आमचा पट घसरतो. पट घसरला की शाळेचं ‘समायोजन’, म्हणजे टाळं. मागं उरतं कचरा वेचणाऱ्या बाईचं पोर. तिला कुठली फी?

त्याच कायद्याच्या कलम २१ नं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा आईबापांना दिल्यात, त्यात वंचितांचा वाटा धरून. त्या बैठका कधी होतात, वस्तीत कुणाला ठाऊक आहे? पोस्टर रात्री चिकटवता येतं. बैठक दिवसा असते. त्या बाईची एका दिवसाची मजुरी वर्गणीतनं भरा आणि तिला समितीत बसवा. खिचडीला, पोर्टलला वेगळा माणूस नेमा, हे तिनं मागू दे. मी मागितलं तर कामचोर ठरतो.