उजनीचे पाणी आणि उधारीची वही

सोलापूर जिल्ह्यातील खते-बियाण्यांचा व्यापारी उधारी देताना एक गोष्ट प्रथम पाहतो : जमीन जिरायती की बागायती. सातबाऱ्यावर ऊस असला आणि शेत उजनीच्या कालव्यावर असले की वहीत मोठा आकडा निःशंकपणे लिहिला जातो. एके काळी हा हिशेब बरोबर होता. आता तो तपासून घ्यावा लागेल.

उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातील जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. उपयुक्त साठा साधारण साडेत्रेपन्न टीएमसी. म्हणजे भरलेल्या धरणातही खेळते भांडवल निम्म्याहून कमी. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी धरण भरले नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात खोलवर उतरले. पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडले. काठावरचे शेतकरी पाण्यामागे मोटारी सरकवीत, केबल आणि पाइप वाढवीत राहिले. हा खर्च पिकाच्या उत्पन्नातूनच जातो, पण उधारी देणाऱ्याच्या हिशेबात तो कधीच नसतो. पुढे त्याच ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ भरले! दोन वर्षांची सरासरी काढली तर सारे आलबेल दिसेल. पण मे महिन्यात वाळलेल्या उसाला ऑगस्टचे पाणी उपयोगी पडत नाही.

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात धरणात किती पाणी असेल हे कुणालाच ठाऊक नसते. जोखीम आहे ती इथे.

यावर शेततळे हा उपाय सुचविला जातो. उपाय चांगला आहे, मात्र त्याचे गणित मांडावे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंच्या तळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत त्यातील पाचवा हिस्सा सहज वाफ होऊन जातो. प्लॅस्टिकचे अस्तर गळती थांबवते, वाफ नव्हे. एक हेक्टर उसाला हंगामभरात दोन कोटी लिटरहून अधिक पाणी लागते. त्यामुळे तळ्याच्या भरवशावर ऊस तगत नाही. एकरभर डाळिंबाची बाग ठिबकवर उन्हाळा काढू शकते. ‘शेततळे आहे’ एवढ्याने समाधान न मानता त्या तळ्यावर कोणते पीक किती क्षेत्रात उभे आहे, हे विचारलेले बरे.

विम्याचाही असाच गैरसमज आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती केंद्रावर नोंदलेल्या पाऊस-तापमानाच्या आकड्यांवरून. कालव्याचे आवर्तन चुकले, हा त्यात निकष नाही. बाग वाळली तरी निकष न लागल्यास दावा मिळत नाही, आणि तो धक्का दुकानदाराच्या वसुलीपर्यंत पोहोचतो.

शेत कालव्याच्या तोंडाशी आहे की शेपटाला, यानेही पुष्कळ फरक पडतो. एकाच गावातील दोन बागायतदारांची पत त्यामुळे सारखी धरता येत नाही.

पावसाळा संपल्यावर धरणातील साठ्याचा आकडा जाहीर असतो. कालवा सल्लागार समिती रब्बी आणि उन्हाळी आवर्तने त्यावरूनच ठरवते. वहीपूजनाचा मुहूर्तही साधारण त्याच सुमारास येतो. नव्या वहीत बागायतदाराच्या नावापुढे उधारीची मर्यादा लिहिण्यापूर्वी यंदा उन्हाळ्यात किती आवर्तने मिळणार, एवढी चौकशी करून घ्यावी.