पुस्तक मिटा, तोंड उघडा



मी गोदीत माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. तरी कॉलेजच्या अभ्यासावर बोलणार आहे. कारण वस्तीतलं पोरगं परीक्षेत आपटलं की एकच बोलतं, ‘आपलं डोकंच कमी.’ हे वाक्य त्याचं नाही. कानात शिसं ओता म्हणणाऱ्यांचं आहे. शिसं गेलं, वाक्य राहिलं.

डोकं कमी नाही, रीत चुकते. गाइड आणायचं, रेघा मारायच्या, तेच पान दहादा वाचायचं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. पेपरात बसलं की कोरं.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी कॉलेजच्या पोरांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून बाजूला ठेवला आणि आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढं. आठवड्यानं आठवणारे पुढं! २०१३ साली डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीती तपासल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसादिवसांवर वाटून करणं, या दोन वर आल्या. रेघा मारणं, परत वाचणं तळाला गेलं.

आम्हा गोदीवाल्यांना यात नवल नाही. हूक कसा लावायचा ते मुकादमानं एकदा दाखवलं. मग म्हणाला, ‘आता तू लाव.’ चुकलो. शिवी खाल्ली. परत लावला. आता झोपेतनं उठवा, लावतो.

पण रीत कळून भागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, टीव्ही चालू, पोरगं पाळीवरून आलेलं. ते आठवणार कधी? बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. म्हणून १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघालं ते सकाळचं, नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी. तेव्हा वसतिगृह, अभ्यासिका, वेळेवर शिष्यवृत्ती ही भीक नव्हे. आठवायला लागणारी जागा आणि वेळ आहे ती. त्यासाठीचा मोर्चा सोडायचा नाही.

मोर्चा निघेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचंही नाही. विहारात आठवड्यातून तीनदा जमा. पुस्तक मिटा. एकानं उभं राहून धडा सांगायचा, बाकीच्यांनी अडवायचं. चुकला तर हसायचं नाही. पुस्तक उघडून बघायचं आणि परत सांगायला लावायचं. तोच धडा चार दिवसांनी पुन्हा काढायचा. याला फी नाही, क्लास नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘आपलं डोकं कमी’ म्हणाला, तर त्याला विचारा : हे तुला पाठ कुणी करून दिलं?