शुल्क माफ झाले, खानावळीचे काय?

मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ करणारा निर्णय महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ रोजी काढला, त्याचे निःसंकोच स्वागत केले पाहिजे. ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्वी निम्मीच सवलत मिळे. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसी सवलत आली आणि खेड्यापाड्यांतील एक पिढी पदवीधर झाली. १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालयांचे पेव फुटले आणि ती वाट पुन्हा अरुंद झाली. त्या पार्श्वभूमीवर हा निर्णय मोठाच.

मात्र धुळे जिल्ह्यातून पाहिले की हिशेब वेगळा दिसतो. येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासाठी जळगाव गाठावे लागते. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातील वा शिरपूरजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीला तेथे रोज ये-जा करणे अशक्य. म्हणजे खोली आली, खानावळ आली. एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच. मुलगी महाविद्यालयात पाऊल टाकते आणि नेमका तेव्हाच तो बंद होतो! विकास शुल्क माफीत नाही, ते निराळेच. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी बाप आधी कोणता खर्च तोडील, हे सांगावयास अर्थतज्ज्ञ नको.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर प्रवर्गांसाठीही निर्वाह भत्ते आहेत. योजना चांगल्या आहेत. पण भत्ता हप्त्याने आणि तोही विलंबाने खात्यात पडतो, खानावळीचे बिल महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. मधले महिने उसनवारीवर निघतात.

पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली, तिने ग्रामीण विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाचा प्रश्नच हाती घेतला होता. शुल्कापेक्षा पोटाचा प्रश्न आधीचा, हे त्या मंडळींनी ओळखले होते. शासनाने धुळे व जळगाव येथे जागा आणि इमारत द्यावी, चालविण्याची जबाबदारी स्थानिक सेवाभावी संस्थांवर सोपवावी, आणि भत्ता सत्राच्या आरंभीच जमा करावा. निम्म्या सवलतीवर थांबलेल्या मुलांचाही विचार त्यासोबत व्हावा; त्यांचेही बाप त्याच कापसावर अवलंबून आहेत.