टॉवर हटाव, पण रेंज पाहिजे!

'आजच्या धकाधकीच्या युगात मोबाईल ही माणसाची चौथी मूलभूत गरज बनली आहे' या वाक्यानं लेख सुरू करायचा नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. आपल्या मॅगझिनमध्ये दर वर्षी किमान दोन लेख याच वाक्यानं सुरू होतात आणि 'शाप की वरदान?' असं विचारून संपतात. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, थेट मुद्द्यावर येते. मोबाईलच्या रेडिएशनला आपण सगळेच घाबरतो, पण योग्य जागी घाबरतो का?

मी गडचांदूरची. हे गाव कुठं आलं, ते दर वर्षी नव्या रूममेटला समजावून सांगावं लागतं. चंद्रपूर जिल्हा, कोरपना तालुका, आजूबाजूला चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने, मागे माणिकगडचा पहाड. आमच्याकडे टॉवरबद्दल दोन प्रकारची माणसं भेटतात. गावातली म्हणतात, "टावर नको बाप्पा, लेकराइले कॅन्सर होते." आणि पहाडावर जिवतीच्या बाजूला गेलात की लोक विचारतात, "टावर कधी लागते आमच्याकडे?" तिथल्या आतल्या गावात बाळंतपणाची वेळ आली की कोणीतरी मोटारसायकल काढतो, रेंज येते त्या वळणापर्यंत जातो आणि तिथून १०८ ला फोन लावतो. एकाच तालुक्याच्या अंतरात ही दोन टोकं! गंमत म्हणजे गावातल्या ज्या काकांनी टॉवरविरोधी अर्जावर पहिली सही केलेली असते, तेच संध्याकाळी गच्चीवर उभं राहून "हॅलो, आवाज येऊन राहिला का?" असं ओरडत असतात.

या भीतीत थोडा वाटा आपल्या मराठी भाषेचासुद्धा आहे, असं मला वाटतं. माझी शाळा कॉन्व्हेंटची. तिथं सगळ्याला एकच शब्द, रेडिएशन. मराठीत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. विज्ञानाच्या पुस्तकात रेडिएशनला 'प्रारण' म्हणतात. युरेनियमसारख्या पदार्थातून जे निघतं तो 'किरणोत्सर्ग'. वर्तमानपत्रं मात्र बिनधास्त 'मोबाईल टॉवरचा किरणोत्सर्ग' असं छापतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मग काय येणार? चेर्नोबिल आणि हिरोशिमा! वास्तविक ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीतल्या एका फोटॉनची ऊर्जा अणूमधून इलेक्ट्रॉन उडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या लाखो पट कमी असते. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये आपण हे गणित सोडवतो आणि परीक्षा झाली की विसरतो. या लहरी डीएनए तोडू शकत नाहीत. त्या शरीराला किंचित गरम करतात, एवढं मात्र नक्की.

आता सरकार काय करतं ते बघू. मर्यादा ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, इक्निर्प. तिचे नियम १९९८ साली आले आणि २०२० मध्ये सुधारले गेले. त्यांचा हिशोब असा. शरीराच्या एका किलोमागे साधारण ४ वॅट ऊर्जा शोषली गेली की तापमान वाढल्याचे परिणाम दिसू लागतात. सामान्य माणसासाठी त्याच्या पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८ वॅट, एवढीच परवानगी. त्यावरून टॉवरच्या लहरींची मर्यादा निघते, ९०० मेगाहर्ट्‌झला दर चौरस मीटरला ४.५ वॅट. भारतानं २००८ मध्ये हेच आकडे स्वीकारले. पुढे आंतरमंत्रालयीन समिती बसली, तिचा अहवाल आला, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे ही मर्यादा आणखी दहापट कमी करून ०.४५ वॅटवर आणली. म्हणजे पन्नासाच्या वर आणखी दहा. कागदावर तरी आपण युरोपातल्या अनेक देशांपेक्षा कडक झालो. (कागदावर आपण बऱ्याच बाबतीत कडक असतो, ते सोडा.)

हा आकडा प्रत्यक्षात किती, ते मी वहीवर काढून पाहिलं. समजा अँटेनाला २० वॅट दिले आणि अँटेना ते एका दिशेला पन्नासपट एकवटते. तर बरोबर समोर, ५० मीटरवर, दर चौरस मीटरला सुमारे ०.०३ वॅट येतात. मर्यादेच्या साधारण चौदाव्या हिश्श्याएवढे. टॉवरच्या अगदी खाली तर त्याहून कमी, कारण झोत आडवा जातो, टॉर्चसारखा. आता दुसरी बाजू. एकाच टॉवरवर तीन-चार कंपन्या असतात, प्रत्येकीचे दोन-तीन कॅरियर. एकाच दिशेला असे सहा झोत धरले, तर मर्यादा गाठायला सुमारे ३३ मीटर पुरतात. म्हणजे दाट वस्तीत, समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीसमोर अँटेना असेल, तर तिथल्या माणसानं प्रश्न विचारणं अजिबात वेडेपणाचं नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी २०१० साली दूरसंचार विभागाला अहवाल दिला, त्यात हीच तक्रार होती. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटत नाहीत, पण 'एकेक कंपनी नको, सगळ्यांची बेरीज मोजा' हे म्हणणं इंजिनिअरचं आहे आणि बरोबर आहे.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. टॉवर ५० मीटरवर असतो आणि हँडसेट कानाला चिकटलेला. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई होते, हे आपल्याला पाठ आहे. मग मोठा स्रोत कुठला? शिवाय हँडसेट नेहमी एकाच ताकदीनं बोलत नाही. टॉवर त्याला सांगतो, 'हळू बोल, ऐकू येतंय' किंवा 'जोरात बोल'. जुना जीएसएम फोन २ वॅटपासून सुमारे ३ मिलिवॅटपर्यंत खाली येऊ शकायचा, म्हणजे सहाशेपटींहून जास्त फरक! (४जी फोनची कमाल ताकद ०.२ वॅटच्या आसपास, पण तत्त्व तेच.) टॉवर जवळ असेल तर फोन कुजबुजतो. लांब असेल तर बोंबलतो, आणि बोंबलतो तो आपल्या कानात. याचा अर्थ, गावकऱ्यांनी मोर्चा काढून टॉवर गावाबाहेर हाकलला, तर गच्चीवरच्या काकांच्या डोक्यात जाणारी ऊर्जा कमी होण्याऐवजी वाढते! पहाडावरच्या माणसाची गत तर याहून वाईट. एक दांडी रेंज असलेला फोन पूर्ण ताकद लावून बोलतो, बॅटरी दुपारीच संपते ती त्याचमुळे. हे त्या लोकांना कोणी सांगितलंय? टॉवरला विरोध करणाऱ्यांनी नाही, टॉवर लावणाऱ्यांनीही नाही.

हँडसेटसाठी वेगळा नियम आहे, एसएआर. डोक्यात दर किलोमागे किती वॅट शोषले जातात, ते त्यातून कळतं. युरोपात मर्यादा २ वॅट, १० ग्रॅम पेशींची सरासरी काढून. आपण २०१२ पासून अमेरिकेची पद्धत घेतली, १.६ वॅट, तीही फक्त १ ग्रॅमच्या सरासरीवर. या ग्रॅमचं महत्त्व मेसच्या वरणावरून समजेल. एका चमच्यात अख्खी मिरची आली की तोंड भाजतं, पण दहा चमचे एकत्र कालवले तर तीच मिरची लक्षातही येत नाही. म्हणून १ ग्रॅमची अट जास्त कडक. फोनवर *#०७# दाबलं की हा आकडा दिसतो. आमच्या विंगमध्ये मी विचारलं, तेव्हा कोणीच तो पाहिलेला नव्हता. कॅमेरा किती मेगापिक्सेल, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

कंपनीनं दिलेला आकडा सरकारनं पुन्हा तपासला तर काय होतं, याचं छान उदाहरण फ्रान्सचं. तिथल्या एएनएफआर या सरकारी संस्थेनं बाजारातून आयफोन १२ उचलून मोजला. हातात धरल्यावर किंवा खिशात ठेवल्यावर मर्यादा ४ वॅट, निघाले ५.७४. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी विक्री थांबवली आणि ॲपलला सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं. त्या ५.७४ नं कोणी आजारी पडलं असतं असं मुळीच नाही. पण मर्यादा म्हणजे मर्यादा, कंपनी कितीही मोठी असो. मला हे फार आवडलं.

आपल्याकडे काय होतं? लहरींचा लिलाव करणारा दूरसंचार विभाग. मर्यादा ठरवणारा दूरसंचार विभाग. तपासणारा पण तोच. पेपर काढणारा, तपासणारा आणि क्लास चालवणारा एकच सर असावा, तसं! २०१२ नंतरच्या व्यवस्थेत कंपनीनं आपल्या टॉवरचं प्रमाणपत्र स्वतःच भरायचं आणि विभागानं वर्षाला त्यातले जास्तीत जास्त दहा टक्के तपासायचे, असं ठरलं. २०१७ साली 'तरंग संचार' नावाचं पोर्टल आलं. घराजवळचा टॉवर नियमात आहे का ते बघा, शंका असेल तर ४,००० रुपये भरा, आम्ही येऊन मोजून देतो. योजना चांगली. पण ज्या माणसाला रेंजच नाही त्यानं पोर्टल कुठं उघडायचं, आणि मजुरी करणाऱ्या बाईनं चार हजार कुठून आणायचे?

मग लोक कोर्टात जातात आणि तिथं निकाल एकसारखे लागत नाहीत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्वाल्हेरच्या एका कॅन्सरग्रस्त माणसाच्या अर्जावरून त्याच्या शेजारचा टॉवर बंद करायला लावला. २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या चिकुर्डे ग्रामपंचायतीनं टॉवर थांबवायचा ठराव केला होता, तो मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केला, कारण टॉवरच्या लहरींनी आरोग्य बिघडतं याचा शास्त्रीय पुरावा समोर नव्हता. मला चिकुर्डेचा निकाल पटतो. पण ग्रामपंचायतीचं दुखणंही कळतं. गावात येऊन कोणी मीटर दाखवला असता, तर गोष्ट उच्च न्यायालयापर्यंत गेली असती का?

विज्ञानाचं म्हणाल, तर तेही एका ओळीत सांगता येत नाही. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं या लहरींना '२बी' गटात टाकलं, म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक'. त्याच गटात आशियातली काही लोणची पण आहेत, पण त्यावरून हसण्यावारी नेऊ नये. २०१८ मध्ये अमेरिकेत उंदरांवरच्या मोठ्या प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या, आणि त्याच प्रयोगातले लहरी सोसलेले नर उंदीर इतरांपेक्षा जास्त जगले! त्यांना रोज नऊ तास, दोन वर्षं, अंगभर ६ वॅटपर्यंत डोस दिला होता. मग २०२४ मध्ये आरोग्य संघटनेनंच करून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले आणि मोबाईल व मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. मी स्वतः या शेवटच्याला जास्त वजन देते, कारण तो माणसांवरचा आहे आणि कितीतरी वर्षांचा आहे.

भीतीचा खरा फायदा आणि रेंजच्या भुकेचा खरा फायदा तिसरेच लोक उठवतात, हेही सांगते. 'तुमच्या शेतात टॉवर लावतो, लाखो रुपये ॲडव्हान्स, आधी फक्त कागदपत्रांची फी भरा' असे मेसेज आमच्या भागात सर्रास येतात. ट्राय असं कुठलंही ना हरकत प्रमाणपत्र देत नाही, पैसेही घेत नाही, हे ट्रायनं वारंवार जाहीर केलंय. घरी फोन कराल तेव्हा बाबांना एवढं नक्की सांगा.

आणि आरोग्याचीच काळजी असेल, तर थोडा हवेचा पण विचार करू या. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले होते. डिस्टिंक्शन! ती धूळ डोळ्यांना दिसते, अंगणातल्या तुळशीवर बसते, तरी तिच्यासाठी मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. न दिसणाऱ्या लहरीसाठी मात्र निघतो.

गडचिरोलीकडे केंद्र सरकार स्वतःच टॉवर लावतंय. नक्षलग्रस्त भागांसाठीची योजना २०१४ मध्ये मंजूर झाली, तिच्यात दहा राज्यांत मिळून २,३४३ टॉवर लागले. २०२२ मध्ये देशभरातल्या २४,६८० गावांत ४जी न्यायचं ठरलं, खर्च २६,३१६ कोटी. हे व्हायलाच पाहिजे. माझं एवढंच म्हणणं आहे की त्या कोट्यवधीतून प्रत्येक टॉवरच्या कुंपणावर एक पाटी लावा. सगळ्या कंपन्यांची बेरीज करून मोजलेला आकडा, मर्यादा, मोजल्याची तारीख. मराठीत, आणि जमलं तर गोंडीत. पेट्रोल पंपावर भाव लिहितात ना, तसं.

आणि तोवर आपण काय करायचं? आपल्या ईटीसी डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रम ॲनालायझर आहे. हॉस्टेलच्या गच्चीवरून समोरचा टॉवर दिसतो. एचओडी सरांनी परवानगी दिली तर थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टमध्ये आम्ही चार जणी दोन्ही हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर मोजमाप घ्यायला तयार आहोत. अँटेना कॅलिब्रेट करून मिळायला हवी, ती अडचण आहे, तेवढी सरांनी सोडवावी. आकडे मेसच्या नोटीस बोर्डावर लावू, मेनूच्या शेजारी. ज्यांना मदत करायची असेल त्यांनी मुलींच्या हॉस्टेलवर निरोप ठेवावा. फोन केलात तर दुसऱ्या मजल्यावर रेंज नसते.