"डाव्या कडेने चाला" हा सल्ला अर्धाच आहे

राजेहो, जानेवारी आली की रस्ता सुरक्षा अभियानवाले शाळेत येतात. पोरींना रांगेत बसवतात आणि सांगतात, सायकल डाव्या कडेने चालवा. फोटो निघतो, टाळ्या पडतात, झालं. सरळ रस्त्यावर हा सल्ला बरोबर आहे. चौकात तोच जिवावर बेतू शकतो.

चौकात होतं काय? ट्रकला डावीकडे वळायचं असतं. वळायला जागा मिळावी म्हणून ड्रायव्हर आधी थोडा उजवीकडे घेतो. डावीकडे मोकळी जागा दिसते, सायकल त्यात शिरते आणि ट्रक वळतो. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून, कडेला घासून जातात. केबिनमध्ये उंचावर बसलेल्याला डाव्या दाराखालची सायकल दिसतच नाही. पोरगी बिचारी शिकवल्याप्रमाणेच कडेने चाललेली असते!

कारचं प्रकरण वेगळं. कारवाल्याला सायकल दिसते. तरी तिला ओव्हरटेक करून, इंडिकेटर न देता, तो तिच्याच पुढून डावीकडे वळतो. दोन सेकंद थांबला असता तर काय बिघडलं असतं? ही सरळ सरळ दादागिरी आहे. आणि अपघात झाला की लोक म्हणतात, "पोरगी मधात आली."

आपल्यासारखंच डावीकडून चालणाऱ्या ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये हायवे कोडमध्ये लिहून टाकलं, की सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला आडवं जाऊन वळू नका, गरज पडली तर थांबा. सायकलवाल्यांनाही तिथे सांगतात, चौकात लेनच्या मधोमध राहा, वळणाऱ्या मोठ्या गाडीच्या बाजूला घुसू नका, मागेच थांबा.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून ५ किमीच्या आत राहणाऱ्या गरजू पोरींना सायकलसाठी पैसे मिळतात. योजना चांगलीच आहे, तिच्यामुळे कितीतरी पोरींची शाळा टिकली. पण त्या सायकलवर खामगाव, चिखली, मलकापूरच्या चौकात कुठे उभं राहायचं, हे शिकवायला कोणाचं बजेट आहे? (उजवीकडे वळायचं असेल तर उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडा. एवढंही कोणी सांगत नाही.)

१ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस जळून २५ जण गेले, तेव्हा मंत्री धावत आले. चौकात एखादी सायकल चिरडली तर चार ओळींची बातमी होते. त्या ओळी आमच्यासारखेच लिहितात, म्हणून सांगतोय.

आरटीओ आणि वाहतूक शाखेला मागणी साधी आहे. यंदा भाषण नको. शाळेच्या मैदानात खराखुरा ट्रक उभा करा. डाव्या दाराला लागून सायकल ठेवा आणि एकेका पोरीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून विचारा, सायकल दिसते का? नंतर तोच प्रयोग ट्रक, स्कूलबस आणि कारवाल्यांसमोर करा, आणि इंडिकेटर न देता वळणाऱ्याची पावती फाडा. ट्रक गावागावात उभेच असतात, मैदानंही आहेत. कोणती शाळा पहिली करते, कमेंटमध्ये सांगा. मी बातमी करायला येतो.