खाजकुइलीच्या गावचे विजेतेपद

गावांच्या नावांत काय दडले आहे ते धुंडाळण्याचा नाद भाषा शिकवणाऱ्या माणसाला असायचाच. त्या नादापायी नकाशावर बोट फिरवीत मी या खेपेस थेट रोमानियात जाऊन पोचलो. राजधानी बुखारेस्टपासून ईशान्येला सुमारे साठ किलोमीटरवर, बारागानच्या सपाट शेतीच्या मैदानात, उर्झिचेनी नावाचे एक गाव आहे. वस्ती पंधराएक हजारांची. ‘उर्झिका’ म्हणजे आपल्या खाजकुइलीप्रमाणे अंगाला लागताच आग करणारी एक वनस्पती. तिच्यावरून हे नाव पडले असे सांगतात. गावच्या फुटबॉल संघाचे नाव मात्र ‘उनिर्या’, म्हणजे ऐक्य! खाजकुइलीच्या गावात ऐक्य नांदवू पाहणाऱ्याच्या उमेदीला दाद दिलीच पाहिजे.

हा संघ १९५४ साली स्थापन झाला आणि पुढची पन्नास वर्षे खालच्या विभागांतच खेळत राहिला. अशा संघांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तो गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असतो आणि त्यांच्याबरोबरच जातो. परंतु उनिर्याच्या नशिबी निराळेच काही होते. दुमित्रु बुक्शारू या उद्योगपतीचे पाठबळ संघाला लाभले आणि २००६ साली उनिर्या प्रथमच देशाच्या सर्वोच्च विभागात दाखल झाला. त्याच वर्षी प्रशिक्षक म्हणून दान पेत्रेस्कू आला.

हा पेत्रेस्कू म्हणजे १९९८ च्या विश्वचषकात अगदी शेवटच्या क्षणी गोल करून इंग्लंडला हरवणारा गडी. तो स्वतः इंग्लंडातल्याच चेल्सी संघाकडून खेळत असे, तेव्हा यजमानांच्या घरचे मीठ खाऊन त्यांनाच पाणी पाजले म्हणायचे! त्याने उर्झिचेनीत कोणी जगप्रसिद्ध खेळाडू गोळा केले नाहीत. इतरांनी फारसे मनावर न घेतलेली माणसे घेतली आणि त्यांना धावायला लावले. २००८ साली संघ रोमानियन चषकाच्या अंतिम सामन्यात क्लूझकडून १-२ असा हरला. पुढल्याच वर्षी, २००९ मध्ये, बुखारेस्टच्या बड्या बड्या संघांना मागे टाकून उनिर्या देशाचा विजेता झाला. सर्वोच्च विभागातले त्याचे ते अवघे तिसरे वर्ष!

देशाचा विजेता म्हणून आता युरोपातल्या विजेत्यांच्या स्पर्धेत उतरणे आले. पण गावचे मैदान पडले सातएक हजार प्रेक्षकांचे. त्या स्पर्धेच्या नियमांत ते बसेना. तेव्हा ‘घरचे’ सामने बुखारेस्टला, स्त्याउआ संघाच्या मैदानावर झाले. म्हणजे लग्न आपल्या मुलीचे आणि मांडव शेजाऱ्याच्या अंगणात! गटात सेव्हिल, स्टुटगार्ट आणि ग्लासगोचा रेंजर्स. पहिल्या सामन्यात सेव्हिलने २-० असे हरवले, तेव्हा जाणत्यांनी माना डोलावल्या असतील. मग स्टुटगार्टशी १-१ बरोबरी झाली. २० ऑक्टोबर २००९ ला ग्लासगोत तर नवलच घडले. सुरुवातीलाच एक गोल अंगावर आलेला असताना उनिर्याने रेंजर्सला त्यांच्याच मैदानावर ४-१ असे लोळवले. नोव्हेंबरात रेंजर्सशी परतीचा सामना १-१ असा सुटला आणि सेव्हिलचेही १-० असे उट्टे काढले.

आता शेवटच्या सामन्यात स्टुटगार्टशी नुसती बरोबरी झाली असती, तरी उर्झिचेनी युरोपातल्या पहिल्या सोळांत जाऊन बसणार होते. परंतु त्या ९ डिसेंबरच्या रात्री पहिल्या अकराच मिनिटांत तीन गोल झाले. सामना ३-१ असा गेला. मग दुय्यम स्पर्धेत लिव्हरपूलशी गाठ पडली आणि तेथे युरोपची वारी संपली.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सांगायला जिवावर येते. त्याच डिसेंबरात पेत्रेस्कू रशियातल्या एका संघाकडे गेला. तरीही २०१० साली उनिर्या देशात दुसरा आला. पण पाठबळाचा हात सैल पडत चालला होता. खेळाडू विकले जाऊ लागले. त्यांतले कित्येक, ज्याच्या मैदानाचा मांडव उसना घेतला होता त्या स्त्याउआकडेच गेले. २०११ साली संघ सर्वोच्च विभागातून खाली घसरला आणि त्याच उन्हाळ्यात विसर्जित झाला. विजेतेपद मिळाल्याला पुरती दोन-सव्वादोन वर्षे!

कोणी म्हणेल, पैशाने आणलेले वैभव पैशाबरोबर गेले, त्यात हळहळण्यासारखे काय? हा हिशेब मला मान्य नाही. तो का नाही हे समजण्यासाठी रोमानियातल्याच दुसऱ्या एका गावी डोकावले पाहिजे. स्कोर्निचेश्टी हे हुकूमशहा चाउशेस्कूचे जन्मगाव. तेथे १९७२ साली संघ निघाला. १९७८ साली वरच्या विभागात चढण्यासाठी त्याची मोरेनी गावच्या संघाशी चुरस होती आणि गोलांच्या फरकावर सारे ठरणार होते. स्कोर्निचेश्टीने शेवटचा सामना किती गोलांनी जिंकावा? १८-०! वर्षभरात संघ सर्वोच्च विभागात गेला आणि दहा वर्षे तेथे राहिला. डिसेंबर १९८९ मध्ये हुकूमशहा पडला आणि चालू हंगामातच संघाला त्या विभागातून काढून टाकण्यात आले. गंमत अशी की १९८६-८७ साली खुद्द पेत्रेस्कू, तरुण असताना, या संघाकडून खेळून गेला होता. आश्रयदात्याच्या छायेतली दोन्ही गावे त्याने आतून पाहिली.

दोन्ही संघ एकेका हातावर उभे होते. हात निघाला तसे ते कोसळले. येथवर दोघांची कथा एकच. परंतु स्कोर्निचेश्टीचे अठरा गोल आठवून आज लोक हसतात, आणि ग्लासगोतले चार गोल आठवून कोणी हसत नाही. पैशाने खेळाडू आणता येतात, प्रशिक्षक आणता येतो. पण परक्या मैदानावर एका गोलाने मागे असताना फिरून उसळणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते. ते उनिर्याच्या पोरांनी केले, आणि ते त्यांच्याकडून कोणाला परत घेता येत नाही.

उणीव होती ती दुसरीच. आपल्याकडे ‘वर्गणी’ म्हणून एक साधा शब्द आहे. वाचनालय असो, व्याख्यानमाला असो, शंभर घरांतून चार चार पैसे आले की संस्था गरीब राहते, रडतखडत चालते, पण एक माणूस उठून गेला म्हणून दाराला कुलूप लागत नाही. उर्झिचेनीला ऐक्य हे नाव मिळाले होते. शंभर घरांचे ऐक्य मिळाले नव्हते.

पुढे त्या गावात त्याच नावाचा नवा संघ उभा राहिला आणि त्याने पुन्हा खालच्या विभागांतून खेळायला सुरुवात केली. खाजकुइली उपटली तरी पावसात पुन्हा उगवतेच. २००९ सारखे वर्ष त्या गावाला पुन्हा दिसेल, असे मला वाटत नाही. पण त्यांचा हा नवा संघ पन्नास वर्षे खालच्या विभागात का होईना, खेळत राहो, एवढेच या दिवाळीत त्यांना माझे मागणे.